ऑनलाइन घेतलेली वस्तू खराब निघाली आणि कंपनी दाद देईना? मग असं करा

कस्टमर केअरला फोन लावून ओरडलं की मन मोकळं होतं, पैसे मात्र येत नाहीत. पलीकडं बसलेलं पोरगं पगारावर असतं. त्याच्यासमोर ठरलेली उत्तरं असतात आणि रिफंड मंजूर करायचा अधिकार बहुतेक वेळा त्याच्याकडं नसतोच. तुम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तरी शेवटी तो "और कोई सहायता चाहिए सर?" एवढंच विचारणार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टँडच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोक येतात ते उतारा काढायला, रेशन कार्डात नाव घालायला, पोरांच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला. काम झालं की हळूच पिशवीतनं काहीतरी बाहेर निघतं. कुणाचे दोन्ही बूट डाव्या पायाचे, कुणाच्या मिक्सरचं भांडं मिक्सरवर बसत नाही, कुणाच्या मोबाईलच्या खोक्यात चार्जर सोडून सगळं. "बघ की जरा, कंपनीवाले फोनच उचलेनात" म्हणतात. फॉर्म भरून पोट भरणाऱ्या बाईला कंपन्यांशी भांडायची सवय अशी लागली.

माझं म्हणणं एवढंच. बोलू नका, लिहा. आणि कंपनीतल्या ज्या माणसाला कायद्यानं उत्तर द्यावंच लागतं त्याच्यापर्यंत ते लिहिलेलं पोचवा. अर्ज, निवेदन, पोच हे शब्द आपल्या सीमाभागात १९५६ पासून घरोघरी माहीत आहेत. तीच चिकाटी पाच हजाराच्या मिक्सरसाठी लावायची, आणि हे प्रकरण तेवढं लांबत नाही.

पत्ता आणि पार्सल

आमच्याकडची निम्मी भांडणं पत्त्यातनं सुरू होतात. खानापूर हे गाव आणि तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. तिकडचा पिनकोड ४१५ नं सुरू होतो, आपला ५९१३०२. ॲपमध्ये पत्ता भरताना आधी पिन टाका, मग जिल्हा आणि राज्य आपोआप काय आलंय ते बघा. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तरी काही ॲपमध्ये अजून जुनं नाव दिसतं. ते कुठलंही असलं तरी चालतं. पिन चुकला तर मात्र तुमचा प्रेशर कुकर सांगली बघून येतो आणि ॲपवर "पत्ता सापडला नाही" म्हणून ऑर्डर रद्द होते. खेड्यात राहात असाल तर पत्त्यात पोस्ट ऑफिसचं नाव आणि जवळची ओळखीची खूण घाला.

पार्सल आलं की उघडण्याआधी मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्या. व्हिडिओ एकसलग पाहिजे, मध्ये थांबवायचा नाही. आधी खोक्याच्या सहाही बाजू आणि वरचं लेबल वाचता येईल एवढ्या जवळनं, मग टेप कापताना, मग वस्तू, तिचा सिरियल नंबर, शेवटी ती चालू करून. मोबाईल असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून येणारा आयएमईआय नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकाच शॉटमध्ये घ्या. लग्नाच्या व्हिडिओसारखं गाणं-बिणं नको, घरातले लोक नकोत. लेबलवर विक्रेत्याचं नाव, ऑर्डर नंबर आणि कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर असतो. खोकं चुलीत घालायची घाई करू नका. परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर राहू दे.

डिलिव्हरीवाला पोरगा ओटीपी मागतो. ओटीपी दिला म्हणजे कंपनीच्या दफ्तरी पार्सल तुम्हाला पोचलं. म्हणून पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. ओपन बॉक्स डिलिव्हरीचा पर्याय असेल तर आधी खोकं उघडून घ्या, वस्तू बघा, मगच ओटीपी. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज जाते, मेसेज उशिरा येतो, पोराला पुढं जायची घाई असते. तरी "नंतर फोनवर सांगतो" यात पडू नका. त्या पोराशी मात्र नीट वागा. तो बहुतेक आपल्याच तालुक्यातला असतो, पावसात घाटातनं गाडी हाणत आलेला असतो, आणि खोक्यात मोबाईलऐवजी साबण निघाला यात त्याचा हात असतोच असं नाही.

तुम्ही न मागवलेलं पार्सल कॅश ऑन डिलिव्हरीनं आलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट सांगून ठेवा. पार्सल ज्याच्या नावावर त्यालाच फोन लावून विचारायचं, तोवर पैसे द्यायचे नाहीत.

पहिली तक्रार: कारण कुठलं निवडता ते बघा

ॲपमध्ये रिटर्न दाबलं की कारणांची यादी येते. लोक घाईत पहिलंच दाबतात, "आता नको आहे" किंवा "मत बदललं". तिथंच केस अर्धी हातातनं जाते. नको म्हणून परत करणं आणि वस्तू सदोष म्हणून परत करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट लिहिलंय की माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत पूर-वादळासारखं हाताबाहेरचं कारण असलं तर सूट आहे. तुम्हाला "नकोसं" झालं तर काय करायचं ते मात्र कंपनीच्या धोरणावर जातं. म्हणून "सदोष", "वेगळीच वस्तू आली", "भाग कमी आहे" यातलं जे खरं असेल तेच निवडा. खोटं निवडू नका, व्हिडिओत दिसतंच.

फोनपेक्षा चॅट बरा. चॅटवर आधी यंत्रच बोलतं. "एजंट" असं टाइप करत राहिलं की बऱ्याच ठिकाणी माणूस येतो. चॅट संपायच्या आत स्क्रीनशॉट काढा, नंतर तो सापडेलच असं नाही. तक्रारीचा नंबर मागून घ्या. मार्केटप्लेस, म्हणजे दुसऱ्या विक्रेत्यांचा माल विकायला ठेवणारं ॲप, चालवणाऱ्या कंपनीनं प्रत्येक तक्रारीला माग काढता येईल असा नंबर द्यायलाच पाहिजे, हे त्याच नियमांत आहे. फोनवरच बोलणं झालं तर फोन ठेवल्या ठेवल्या चॅटवर दोन ओळी टाका: आज अमुक वाजता बोलणं झालं, तुमच्या माणसानं तीन दिवसांत पिकअप होईल असं सांगितलं. ते नाही म्हणाले तरी लेखी राहिलं.

आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, कधीच. तिथं चोरांनी टाकलेले नंबर असतात. फोन लावला की गोड बोलतात, रिफंडसाठी म्हणून एक ॲप टाकायला लावतात, त्यातनं तुमचा पडदा त्यांना दिसतो. किंवा लिंक पाठवून यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. नंबर हवा असेल तर कंपनीच्या ॲपच्या आतनं किंवा बिलावरनं घ्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा आणि बँकेला कळवा. तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते, दुसऱ्या दिवशी ती फार उरत नाही.

इन्स्टावरच्या साडीवाल्यांचंही यातच धरा. पत्ता नाही, बिल नाही, आगाऊ यूपीआय घेतात आणि नंतर नंबर बंद. ही कस्टमर केअरची अडचण म्हणायची नाही, सरळ फसवणूक आहे, तिथं १९३० आणि पोलीस. शहापूर-वडगावला माग असलेल्या जिल्ह्यातल्या बायका इन्स्टावरनं साडी मागवतात याचं मला नवल वाटतं, पण तो विषय वेगळा.

ठरलेली उत्तरं आणि त्यांना काय म्हणायचं

कंपन्या वेगळ्या असल्या तरी उत्तरं तीच. आता मला ती पाठ झालीत.

"तुमचा रिफंड आमच्याकडून झाला आहे." झाला असेल तर त्याला नंबर असतो. कार्डावर केला असेल तर एआरएन, बँक खात्यात किंवा यूपीआयनं केला असेल तर यूटीआर किंवा आरआरएन. तो मागा. तो घेऊन बँकेत गेलात की बँकवाल्याला पैसे कुठं अडकले ते शोधता येतं, नाहीतर तो तुम्हाला परत कंपनीकडं पाठवतो. नंबर देत नाहीत म्हणजे रिफंड झालेला नाही असं मी धरून चालते. आणि रिफंड मूळ खात्यात पाहिजे, ॲपच्या पाकिटात नको, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका.

"आम्ही प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हता." हे आमच्या तालुक्यात पावसाळ्यात फार. तुमच्या मोबाईलच्या कॉल यादीत त्या दिवशी अनोळखी फोन आलाच नव्हता याचा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी टाका.

"पार्सल दिलेलं आहे." मग पोचवल्याचा पुरावा दाखवा म्हणावं. कुणाची सही आहे, फोटो कुठल्या दाराचा आहे, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला. एकदा फोटोत आलेलं दार खानापुरातलंच नव्हतं. दाराबाहेर नारळाच्या सोडणांचा ढीग. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी नारळ सोलत नाहीत.

"चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कळवू." याच्याखाली तारीख लिहून ठेवा आणि मुदत संपली की त्याच तक्रारीवर उत्तर टाका. नवी तक्रार करू नका. प्रत्येक नव्या तक्रारीला त्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

"परतीची मुदत संपली." यासाठी जांबोटीच्या बाजूच्या एका मामांची गोष्ट सांगते. काजूच्या बागेतलं गवत काढायला त्यांनी गवत कापायचं पेट्रोलचं मशीन मागवलं. मशीन आलं, पण तेव्हा शेतात चिखल. पाऊस उघडल्यावर जोडून बघितलं तर इंजिन सुरू होतं, आवाज करतं, पातं काही फिरत नाही. गिअरच्या पेटीला बारीक तडा, त्यातनं ग्रीस बाहेर. बोट लावलं तर काळंभोर येत होतं. ॲप म्हणालं, सात दिवस झाले, आता मशीन बनवणाऱ्या कंपनीशी बोला. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणालं, या सिरियल नंबरचं मशीन आमच्या नोंदीत विकलेलं दिसत नाही, विक्रेत्याशी बोला. विक्रेता सुरतेकडचा, त्याचा फोन लागेना. "आज बघतो, उद्या बघतो म्हणालेत नुसतं, आणि गवत माझ्या कमरेला आलंय" म्हणून मामा दुकानात आले. मशीन पोत्यात घालून बसमधनं आणलं होतं.

या तिघांच्या टोलवाटोलवीला फोनवर उत्तर नाही. तिघांनाही एकाच ईमेलमध्ये घालायचं, म्हणजे "तो बघेल" म्हणायची सोय राहात नाही.

तक्रार निवारण अधिकारी

प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर लावायचा, हे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकालात काढायची. हे पान ॲपमध्ये सहज सापडत नाही. वेबसाइटच्या अगदी तळाशी, अटी-शर्ती नाहीतर गोपनीयता धोरणाच्या पानात खोल लपवलेलं असतं. मोबाईलवर सापडलं नाही तर कंप्युटरवर बघा.

मामांसाठी लिहिलेलं पत्र जवळजवळ असंच होतं. मोकळ्या जागा तुमच्या तुम्ही भरा.

"विषय: ऑर्डर क्रमांक ..., सदोष माल, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

मी दि. ... रोजी आपल्या ॲपवरून ... रुपयांना गवत कापण्याचे मशीन घेतले. ते दि. ... रोजी मिळाले. इंजिन सुरू होते पण पाते फिरत नाही, गिअरच्या पेटीला तडा आहे. व्हिडिओ, सिरियल नंबरचा फोटो आणि बिल सोबत जोडले आहे. दि. ... रोजी तक्रार क्रमांक ... नोंदवली. 'परतीची मुदत संपली' असे सांगून ती बंद करण्यात आली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तरी पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व ईमेल लेखी कळवावा. या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी."

एवढंच. बायकोचं आजारपण, कंपनीवरचा विश्वास, "आम्ही गरीब शेतकरी", यातलं काही नको. मामांना ते घालायचं होतं, मी घातलं नाही. वाचणाऱ्याला ऑर्डर नंबर, दोष आणि मागणी पहिल्या दोन मिनिटांत दिसली पाहिजे. पत्र इंग्रजीतनं पाठवा, कारण ते फिरत फिरत कुठल्या ऑफिसात जाईल ते सांगता येत नाही. मोबाईलचं भाषांतर चालतं, फक्त आकडे आणि तारखा परत तपासा.

विक्रेत्याचा पत्ता मागितलाय तो उगाच नाही. खरेदी झाल्यावर ग्राहकानं लेखी मागितलं तर मार्केटप्लेसला विक्रेत्याची माहिती द्यावी लागते. "आम्ही फक्त मधले" म्हणणाऱ्या कंपनीकडनं निदान तेवढं तरी निघतं, आणि पुढं ग्राहक आयोगात जायचं झालं तर तो पत्ता लागतोच.

१९१५

अधिकाऱ्यानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. सकाळी ८ ते रात्री ८. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही येतं, एकूण १७ भाषा आहेत. आपल्याकडं नुसत्या भाषेवरनं किती रामायण होतं ते तुम्हाला माहीत आहे, इथं ते होत नाही. व्हॉट्सॲपवर करायचं असेल तर ८८००००१९१५. वेबसाइट कन्झ्युमरहेल्पलाइन डॉट गव्ह डॉट इन, तिथं नाव नोंदवून कागद जोडता येतात. मी वेबसाइटच वापरते, कारण फोनवर सांगितलेलं समोरचा त्याच्या शब्दांत लिहितो आणि मुद्दा निसटतो.

फोनच करणार असाल तर समोर कागद ठेवा: कंपनी, ऑर्डर नंबर, रक्कम, तारीख, दोष, कंपनीनं काय उत्तर दिलं, तुम्हाला काय पाहिजे. शेवटचं लोक विसरतात. "न्याय पाहिजे" असं सांगतात. रिफंड पाहिजे की बदली वस्तू, ते सांगा.

हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे. ती हुकूम काढू शकत नाही. ती तक्रार कंपनीच्या त्या खास माणसाकडं पाठवते, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी यासाठी वेगळी माणसं ठेवलेली आहेत. कस्टमर केअरला महिनाभर न सुटलेलं इथं सुटतं ते त्यामुळं. मामांचं इथंच सुटलं. आधी बदली मशीन देतो म्हणाले. मामा म्हणाले, परत तसलंच आलं तर? मग रिफंड आला. मशीन न्यायला मात्र कुणी लवकर फिरकलं नाही. ते पोतं माझ्या दुकानात झेरॉक्स मशीनच्या बाजूला पडून होतं आणि गिऱ्हाईक त्यावर पिशव्या ठेवत होतं.

एक सावधगिरी. कंपनी हेल्पलाइनला "तक्रार सोडवली" असं कळवून मोकळी होते आणि तुम्हाला तसा मेसेज येतो. खरंच सुटली नसेल तर गप्प बसू नका, "समाधान झाले नाही" असं कळवा.

पैसे कापले, ऑर्डर झाली नाही

हे निराळं प्रकरण आहे, यात कंपनीच्या मागं लागायच्या आधी बँक. यूपीआयनं दुकानदाराला पैसे पाठवताना तुमच्या खात्यातनं कापले गेले आणि त्याच्याकडं पोचलेच नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला पाहिजेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. बँकेत जाऊन "पैसे गेले" म्हणू नका, व्यवहाराचा नंबर द्या आणि ही भरपाई लेखी मागा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डानं घेतलेली वस्तू आलीच नाही तर बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचे पैसे बँकेमार्फत परत मागायचा, अर्ज करता येतो. त्याला मुदत असते, म्हणून कंपनीच्या "उद्या"वर महिने घालवू नका. रोख दिले असतील तर बँकेचा काही संबंध येत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग

इथं लोक घाबरतात. वकील, तारखा, बेळगावच्या फेऱ्या. खरी गोष्ट अशी की वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. हे पोर्टल २०२५ च्या जानेवारीपासून आहे, आधीचं ई-दाखिल होतं. जिल्हा आयोगाकडं ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जातात, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांची सगळीच. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची.

कुठल्या जिल्ह्यात करायची, यावर सीमाभागात हमखास गोंधळ होतो. कंपनी बंगळूरची, विक्रेता सुरतचा, कुरिअर कोल्हापूरहून आलं. पूर्वीच्या कायद्यात याचा खरंच त्रास होता. २०१९ च्या कायद्यानं सोपं केलं: तुम्ही जिथं राहता किंवा जिथं काम करून पोट भरता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. खानापूर, निपाणी, चिक्कोडीवाल्यांनी बेळगावला. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ वाटतं, पण घर आणि धंदा दोन्ही निपाणीत असेल तर बेळगावच. चंदगडवाल्यांचं कोल्हापूर. आता चंदगडकडच्या शिनोळीत राहून रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येणारा माणूस घ्या. त्याला दोन्ही दारं उघडी आहेत. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा मला सापडला.

मराठी बिलं, व्हॉट्सॲपवरचं मराठी बोलणं जोडणार असाल तर सोबत इंग्रजी भाषांतर लावा. मी अर्ज इंग्रजीतच करून देते. बिल, पैसे दिल्याचा पुरावा, फोटो, चॅट, ईमेल आणि त्याची पोच, १९१५ चा नंबर आणि उत्तर, आधार, प्रतिज्ञापत्र, हे सगळं तारखेच्या क्रमानं लावून पानांना नंबर घाला. व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये. जाण्याआधी स्पीड पोस्टानं एक नोटीस पाठवलेली बरी. बऱ्याच वेळा लिफाफा पोचला की पैसे येतात, आयोगापर्यंत जावंच लागत नाही.

विरुद्ध पक्ष म्हणून ॲप, विक्रेता आणि वस्तू बनवणारी कंपनी, तिघांनाही घाला. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही अशी हरकत येते. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ही हरकत लागत नाही. शिलाई मशीन घेणारी बाई, स्वतःच्या बागेसाठी मशीन घेणारे मामा हे ग्राहकच. अर्जात तसं एक वाक्य घाला.

मागणी बेताची ठेवा. आठ हजाराच्या वस्तूसाठी मनस्तापाचे पाच लाख मागणारे अर्ज मी बघितलेत, त्यानं वजन वाढत नाही. किंमत, व्याज, खर्च आणि झेपेल एवढा मनस्ताप. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आधीच धरून चला. दीडशे रुपयांच्या मोबाईल कव्हरसाठी एवढं करू नका. त्याला ॲपवरचं एक खरमरीत परीक्षण पुरे.

तक्रार आत गेली की कंपनीचा माणूस फोन करतो. आता त्याचा आवाज एकदम मऊ असतो. "मॅडम, तक्रार मागे घ्या, उद्या रिफंड करतो." तो काय देणार ते ईमेलवर लिहून मागा. "पूर्ण व अंतिम समझोता" असं लिहिलेला कागद आला तर त्यात रक्कम आणि तारीख घातलीय का ते वाचा, नसेल तर सही करू नका. वस्तू परत नेताना पिकअपवाल्या पोराच्या मोबाईलवर स्कॅन झालेल्या पडद्याचा फोटो काढा आणि देताना पुन्हा एक व्हिडिओ करा, नाहीतर "खोकं रिकामं आलं" म्हणतात. खात्यात पैसे दिसले, पासबुकात छापून आणलं, की मग तक्रार मागे घ्यायचा अर्ज करू. तोही मीच टाइप करून देते.